नमुना सात

वास्कोत खिडकी पुसली की फडक्यावर कोळसा येतो.
बंदरावरून उडतो, घर विचारत नाही.
शनिवारी शाळा सुटली की
मी मतदारयादी घेऊन मांगोरची टेकडी चढते.
छत्री, दोन पेनं, गळ्यात ओळखपत्र,
फोटोत अजून लग्नाआधीची मी.

केरोबिना बाय खुर्ची पुढे करते, पदराविनाच
फ्रॉकच्या कडेनं ती पुसते.
‘माझा पावलू आहे गे यादीत?’
आहे. अनुक्रमांक दोनशे अकरा.
नऊ वर्षं इंग्लंडात, एका गोदामात रात्रपाळीला,
पासपोर्ट पोर्तुगालचा.
नियमानं नाव आजच जायला हवं.
‘काढू नको. माणूस गेला तो गेला,
नाव तरी घरी असूं दी.’
मी पान उलटते. खोटं बोलत नाही,
फक्त पान उलटते.

शेजारी वेर्णेकर. दुकानाचं अर्धं शटर वर,
काट्यावर गुंजभर सोनं.
त्यांनीच भरलाय नमुना सात:
हुसेनबी नदाफ, या पत्त्यावर राहत नाही.
त्यांच्या गॅलरीतून तिची चूल दिसते.
काल तिनं काय रांधलं, हेही त्यांना ठाऊक असणार.
‘मी तसा सहिष्णू माणूस, बाई.
राहू दे की. कोण नको म्हणतं?
पण मत?
उद्या हेच ठरवणार आमचा आमदार,
आमच्या सप्ताहाचा मांडव कुठे घालायचा ते.’
आणि मला आठवतं, टाळेबंदीत
याच माणसानं तिच्या दारात तांदळाची पिशवी ठेवली होती,
हाक न मारता, दोनदा.
हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

हुसेनबीच्या दारात चपला काढायला जागा नाही,
त्या हातात घेऊन उभी राहते.
वीजबिल, रेशनकार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला
एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, तिला तीन गाठी.
त्या ती दातांनी सोडते.
आतून मौलाली येतो. माझाच विद्यार्थी, चौथी ब,
आता मिशी फुटलीय.
‘बाई, तुम्ही?’ आणि लगेच,
‘काय चुकलं आमचं?’

चौथीत याच्याच पाटीवर मी
सहिष्णुता लिहून दिलं होतं.
तो ष आणि ण सुटे सुटे काढायचा,
मध्ये एक माणूस जाईल एवढं अंतर ठेवून.
मी सांगायचे, अरे, जोडाक्षर आहे.
आधी आलेलं अक्षर अर्धं होतं,
मागून आलेलं पूर्ण राहतं.
तेव्हा ते निव्वळ व्याकरण होतं.
आज शटरआडून वेर्णेकरांचा चेहरा दिसतो
आणि कळतं, त्यांना नेमकी कशाची भीती आहे.
आधी आलो म्हणून अर्धे आम्हीच का?
उत्तर माझ्याकडे नाही.
मी स्वतः कुडाळची.
एकोणतीस वर्षांपूर्वी इथल्या यादीत माझं नाव
कुणीतरी उभ्या उभ्या लिहून घेतलं,
पिशवीच्या गाठी सोडायला न लावता.
माझे हेल इथल्या बोलीत मुरले.
मला भायली कुणी म्हटलं नाही.
हुसेनबी माझ्याआधी चार वर्षं आली होती.

तिचा चहा गोड, फार गोड.
पडताळणीच्या रकान्यात मी लिहिते:
समक्ष भेटली. इथेच राहते.
अक्षर नेहमीपेक्षा मोठं येतं.
अंगठ्याचा काळा ठसा कागदावर उमटतो,
कोळशाचा, खोडरबरानं पसरतो.
दोनशे अकरासमोर पेन थांबतं.
पुढच्या शनिवारी, मी स्वतःला सांगते,
आणि ही माझी लबाडी, हेही सांगते.

सोमवारी वेर्णेकर भेटले, मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर.
कागद त्यांना पोचला असावा.
त्यांनी रस्ता बदलला नाही.
‘बांगडे आज बरे आहेत,’ म्हणाले.
फक्त हसायला
त्यांना थोडा जास्त वेळ लागला.